उसना आवाज

“मी काकाला बोलावलंय,” ताई म्हणाली, तेव्हा वहिनी थोरल्यांचे ओठ ओल्या कापसाने पुसत होत्या. त्यांचा हात थांबला नाही. वरचा ओठ झाला, खालचा झाला, कोपऱ्यात साचलेला फेस टिपून झाला. मग कापूस बशीत ठेवून त्यांनी विचारलं, “कधी?”

“आज. दुपारपर्यंत पोचेल.”

“आणि हे मला आत्ता सांगतेस?”

“आधी सांगितलं असतं तर तू नको म्हणाली असतीस.”

लेकीने बरोबर ओळखलं होतं.

बाहेरची खोली आता आजारपणाची झाली होती. जेवणाचं टेबल उभं करून पॅसेजमध्ये लावलं होतं आणि त्याच्या जागी खिडकीशी थोरल्यांची खाट आली होती, डोक्याकडून वर-खाली होणारी. डॉक्टरांनी गेल्या वर्षी त्यांचा घसा कापला, त्यात आवाज गेला तो गेलाच. गळ्याशी श्वासासाठी भोक होतं, त्यावर जाळीचा रुमाल. तेव्हापासून थोरले नुसते ओठ हलवत, आणि ओठांवरचं ते बोलणं घरात एकट्या वहिनींना वाचता येई. मुलांना पाणी, दुखतंय, खिडकी एवढंच कळे. बाकी सगळं, “बाबा काय म्हणतायत?” असं विचारलं की वहिनी सांगत. आता दुखणं अंगभर पसरलं होतं. बाकीची औषधं बंद करून डॉक्टरांनी फक्त वेदना मारायचे थेंब ठेवले होते. त्या थेंबांच्या गुंगीत थोरले कधी इथे असत, कधी कुठल्या कुठे.

बाळ्या औषधाच्या दुकानातून आला आणि आईचा चेहरा पाहूनच म्हणाला, “काय झालं?” कानशिलं पांढरी झालेला, एका मुलीचा बाप असलेला हा गडी घरात अजून बाळ्याच होता. ताईने सांगून टाकलं. बाळ्याने पिशवी ओट्यावर ठेवली आणि स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं, बापाला ऐकू जाऊ नये म्हणून.

“तो माणूस या घरात येणार नाही.”

“तो माणूस बाबांचा सख्खा भाऊ आहे,” ताई म्हणाली.

“सख्खा? सख्ख्या भावाला टीव्हीवर विकून खाल्लं त्याने. शाळेत माझी चड्डी ओढून पोरं कोणाचे डायलॉग म्हणायची, विसरलीस?”

“नाही विसरले. माझीही वेणी ओढायचीच की. पण बाबा चाललेत, बाळ्या. आता नाही तर कधी?”

“कधीच नाही.”

दोघांनीही आईकडे पाहिलं. वहिनी पिशवीतून थेंबांची बाटली काढून तिचं झाकण घट्ट आहे ना ते बघत होत्या. “निघाला असेल तर आता येऊ दे,” त्या म्हणाल्या. “दारातून माणूस परत पाठवायला माझ्या अंगात ताकद नाही.”

धाकटा, मुलांचा हा काका, या देशात आला तो थोरल्यांच्या भरवशावर. थोरले लिफ्ट दुरुस्त करायचे. मोठमोठ्या इमारतींच्या गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत ग्रीसने माखून काम करायचे, आणि दीड खोलीच्या घरात वहिनी, ताई आणि पोटातला बाळ्या. त्यात धाकट्याची वळकटी. मिसरूड फुटलेला पोरगा, डोक्यात एकच वेड, नाटक. आल्याआल्या त्याने इथली भाषा अशी धरली की सोडलीच नाही. बाथरूमच्या आरशासमोर दातांत पेन्सिल धरून बातम्या देणाऱ्यांची नक्कल करायचा. दोन वर्षांत असं बोलायला लागला, की फोनवर कोणाला कळलं नसतं हा बाहेरचा आहे.

थोरल्यांचं उलट होतं. ते भाषा शिकले ते पहिल्या घरमालकिणीकडून. ती एकटी म्हातारी त्यांना चहाला बसवून बोलायला शिकवायची. तिचं ऐकून ते तिच्यासारखंच बोलायला लागले, ‘मी येते, मी करते, मी बघते.’ पुढे चूक कळली, सुधारलीही, पण घाईत असले की जीभ पुन्हा म्हातारीच्या वळणावर जायची. कामावर लोक गालात हसायचे. थोरल्यांना त्याचं काही नव्हतं. तेही हसायचे.

धाकट्याला कामं मिळायला लागली ती मरायची. टॅक्सीवाला, पहिल्याच प्रसंगात गोळी लागते. संशयित, दुसऱ्या प्रसंगात छतावरून पडतो. तो घरी आला की वहिनी विचारायच्या, “काय रे, मेलास का आज?” आणि तो बूट काढत म्हणायचा, “मेलो की! वाढ लवकर.” पण बोलायचं काम कोणी देईना. एका दिग्दर्शकाने त्याला समजावूनच सांगितलं, “तुमचा चेहरा बाहेरचा आणि बोलणं इथलं. बघणाऱ्याला कळत नाही, विश्वास कशावर ठेवायचा. जरा तुमच्या लोकांसारखं बोला ना.” धाकट्याला त्याच्या लोकांसारखं बोलताच येईना. सगळं घासूनपुसून काढलं होतं. मग एका ऑडिशनला, लिफ्टवाल्याच्या छोट्याशा भूमिकेसाठी, त्याने डोळे मिटले आणि दादा बोलतात तसं बोलला. खोलीतले लोक हसून हसून खुर्चीवरून पडायचे बाकी राहिले.

एका भागापुरता आलेला लिफ्टवाला मालिकेत कायमचा राहिला. अडकलेल्या लिफ्टच्या दाराला तोंड लावून तो म्हणायचा, “मी आहे ना! दार उघडते. तुम्ही बोल, मी ऐकते!” त्याच्यावर हसण्याचा लोट यायचा. पोरं रस्त्यात हे म्हणायची, कपांवर छापून आलं.

पहिला भाग सगळ्यांनी मिळून पाहिला होता. वहिनी इस्त्री करत होत्या. दुसऱ्याच वाक्याला त्यांनी इस्त्री उभी केली. नुसतं बोलणं नव्हतं. कशालाही हात लावायच्या आधी अंगठ्याने बोटं चोळून बघायची, ग्रीस लागलंय का ते, तेसुद्धा उचललं होतं. थोरले मात्र डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते. “हा माणूस कोणासारखा तरी आहे गं,” ते म्हणाले. “आपल्या ओळखीतला कोणीतरी.”

“असेल कोणीतरी,” वहिनी म्हणाल्या आणि पुन्हा इस्त्री उचलली.

दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर थोरले हात धूत बराच वेळ मोरीपाशी उभे राहिले. पाठमोरेच म्हणाले, “अगं, तो मीच आहे.”

भांडले नाहीत. “पोरगं कामाला लागलं, बरं झालं,” असंच म्हणत राहिले. फक्त हळूहळू बोलायचे कमी झाले. दुकानात बोट दाखवून वस्तू घ्यायचे. शाळेतल्या पालकांच्या सभेला वहिनींना पुढे करायचे. धाकट्याने तोवर वेगळं घर केलं, लग्न केलं. दर सुट्टीच्या दिवशी जेवायला यायचा, मुलांना भारी खेळणी आणायचा, आणि दादा गप्प का असतात हे कधी विचारायचा नाही. त्याला माहीत होतं म्हणूनच विचारायचा नाही, असं वहिनींना वाटे.

मग ते झालं. एका जुन्या इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आत एक बाई आणि तिचा लहान मुलगा. थोरल्यांनी दार हातभर सरकवलं, मान वर करून आत पाहिलं. मुलगा रडत होता, बाई घाबरलेली. आणि थोरले घाईत होते. “घाबरू नका,” ते म्हणाले, “पाय बाहेर काढू नका. मी वर जाऊन मेन बंद करते.”

आतलं रडणं थांबलं आणि हसू फुटलं. बाईला वाटलं, कोणीतरी टीव्हीवरच्यासारखी मजा करतंय. कदाचित कुठे कॅमेराही लपवला असेल. “अजून म्हणा ना!” तिने वरून ओरडून सांगितलं. थोरले जिना चढायला लागले होते. ती तशीच हसत, पोराला तो माणूस दाखवायला म्हणून, त्या फटीतून खाली उतरायला गेली. तेवढ्यात कॅबिन सरकली.

बाईचा पाय घोट्यापासून गेला.

चौकशी झाली. थोरल्यांनी काय सांगितलं होतं, नेमक्या कोणत्या शब्दांत, हे त्यांना समितीपुढे पुन्हा म्हणून दाखवायला लावलं. ते तसंच म्हणाले. समितीतल्या एकाने तोंडावर रुमाल धरला. थोरले निर्दोष सुटले आणि लिफ्टच्या कामाला पुन्हा हात लावला नाही. एका गोदामात लागले, जिथे खोक्यांशी बोलावं लागत नाही. नंतर घर घेतलं तेही बिनलिफ्टच्या इमारतीत. त्या आठवड्यात धाकटा नेहमीसारखा जेवायला आला, तेव्हा ते उठले, दार उघडलं आणि ते उघडं धरून उभे राहिले. एक शब्द बोलले नाहीत. धाकटा चपला घालून गेला. मालिका त्यानंतरही पुष्कळ वर्षं चालली.

दुपार कलायला लागली तेव्हा बेल वाजली. दार बाळ्याने उघडलं आणि तसाच आडवा उभा राहिला. बाहेर तीन जिने चढून धापा टाकत धाकटा उभा होता. केस गेलेले, कोट चांगला पण खांद्यात सैल झालेला. हातात फुलं नव्हती, फळं नव्हती, काहीच नव्हतं.

“बाळ्या,” तो म्हणाला. “केवढा झालास रे.”

“चप्पल बाहेरच काढा,” बाळ्या म्हणाला. लहानपणी ज्याच्या खांद्यावर बसून फिरला त्याला त्याने ‘अहो’ केलं होतं. धाकट्याला ते लागलेलं वहिनींना लांबूनही दिसलं.

तो खाटेपाशी आला. थोरले झोपेत होते, तोंड अर्धवट उघडं. धाकटा त्यांच्या गळ्यावरच्या रुमालाकडे बघत राहिला. दर श्वासाला जाळी आत-बाहेर व्हायची. “दुखतं का त्यांना?” त्याने विचारलं.

“थेंब दिलेत,” वहिनी म्हणाल्या. “बस.”

ताईने चहा केला. सगळे स्वयंपाकघरातच बसले, कारण टेबल उभं होतं आणि बाहेर जागा नव्हती. धाकट्याने कप दोन्ही हातांत धरला. बोलणं काही केल्या सुरू होईना. ताईने विचारलं, हल्ली काय चाललंय. तो म्हणाला, काही नाही. मालिका संपल्यापासून खरंच काही नव्हतं. एकदा एका गंभीर नाटकासाठी बोलावलं होतं, पोर गेलेल्या बापाची भूमिका. त्याने आपल्या स्वच्छ, कमावलेल्या आवाजात पहिलं वाक्य म्हटलं आणि समोर बसलेली मुलगी हसली. वाईट नव्हती ती, तिला आवरलंच नाही. लहानपणापासून त्याला बघितलं की हसायची सवय. “मी तोंड उघडलं की लोक हसायच्या तयारीत बसतात,” धाकटा म्हणाला. “मग बंदच ठेवलं.” बायको कधीच सोडून गेली होती. मूलबाळ नव्हतं.

“काका, तू आलास ते बरं केलंस,” ताई म्हणाली आणि त्याच्या हातावर हात ठेवला. “बाबा जागे झाले की बोल त्यांच्याशी. माफी बिफी नको मागूस. नुसता बस जवळ.”

धाकट्याने कप खाली ठेवला. “ताई, मला एक विचारायचंय त्यांना. तू फोन केलास त्याच्या आदल्या दिवशी चॅनेलवाले आले होते. मालिका पुन्हा करतायत. लिफ्टवाला म्हातारा झालाय, नातवाला काम शिकवतो, असं काहीतरी. मला घ्यायचंय म्हणतात.”

ताईने हात काढून घेतला.

“मी त्यांना हो म्हटलं नाहीये. दादा हो म्हणाले तर करीन. नाही म्हणाले तर नाही.”

“म्हणून आलास,” ताई म्हणाली.

“नाही. तू बोलावलंस म्हणून...”

“मी तुला भावाला भेटायला बोलावलं. आणि तू मरणाऱ्या माणसाची सही घ्यायला आलास? इतकी वर्षं एकदा तरी विचारलंस? तेव्हा केलंस ना न विचारता? त्या बाईचा पाय गेल्यावरही केलंस ना?” तिचा आवाज चढला. “बाळ्या बरोबर म्हणत होता. माझंच डोकं फिरलं होतं.”

“तेव्हा विचारलं नाही म्हणून तर आता विचारतोय,” धाकटा म्हणाला. “मला ते काम हवंय, ताई. खोटं कशाला बोलू. मला दुसरं काही येत नाही. पण त्यांच्या नाकावर टिच्चून पुन्हा नाही करायचं मला.”

“ऊठ. चालता हो.”

“थांब,” बाळ्या म्हणाला.

तो इतका वेळ सिंकला टेकून उभा होता. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं, कारण हा शब्द त्याच्याकडून कोणालाच अपेक्षित नव्हता.

“करू दे त्याला.”

“तू हे म्हणतोयस?” ताई म्हणाली.

बाळ्या नजर न उचलता बोलत होता. “बाबांचा आवाज आहे का आपल्याकडे कुठे? शोधून बघ. मी सगळं घर शोधलं. लग्नाच्या व्हिडिओतसुद्धा ते गप्प उभे आहेत. फोनवर ‘हं’च्या पुढे जायचे नाहीत. माझ्या मुलीला इथलीच भाषा येते, तिच्यापुढे ते नुसते हसायचे. ती मला विचारते, आजोबा कसे बोलायचे? काय सांगू तिला?” त्याने नाक ओढलं. “मी तिला ती मालिका दाखवतो.”

“काय?”

“जुने भाग. बायको कामावर गेली की. ती हसते, आणि मी सांगतो, हे बघ, आजोबा असे बोलायचे. हे एवढंच बरोबर आहे, बाकी खोटं. पण हे बरोबर आहे.” आणि मग त्याने पहिल्यांदाच धाकट्याकडे सरळ पाहिलं. “मी तुम्हाला माफ केलेलं नाही. पण बाबांचा आवाज दुसऱ्या कुणाकडे नाही. तुमच्याकडेच राहिलाय.”

ताई खुर्चीत मागे टेकली. स्वयंपाकघरात चौघं होती आणि सकाळी जो ज्याच्या बाजूला होता त्यातलं कोणीही आता तिथे नव्हतं. धाकट्याने चेहरा तळव्यांत धरला. त्याचे खांदे हलत होते. अभिनय नसावा, असं वहिनींना वाटलं, पण खात्री देता आली नसती. इतक्या वर्षांत कोणालाच देता आली नव्हती.

बाहेरून खाटेचा लोखंडी आवाज आला. थोरले जागे झाले होते.

वहिनी पुढे, बाकी मागे. थोरल्यांचे डोळे उघडे होते, खिडकीतल्या उजेडाकडे. वहिनींनी उशी नीट केली, ओठ ओले केले. “अहो,” त्या कानाशी वाकून म्हणाल्या, “धाकटा आलाय.”

डोळे हळूहळू वळले.

धाकटा गुडघ्यांवर बसला, म्हणजे चेहरे समोरासमोर आले. बोलायचं काय काय ठरवून आला असेल, पण तोंडातून आलं ते एवढंच. “दादा, ते पुन्हा बोलावतायत. तोच लिफ्टवाला. तुम्ही हो म्हटलंत तर करतो. नको म्हटलंत तर नाही करणार. शपथ.”

थोरले त्याच्याकडे बघत राहिले. कपाळाला आठी पडली, काहीतरी आठवायचा प्रयत्न करताना पडायची तशी. मग ओठ हलले. दोनच शब्द.

“आई, काय म्हणतायत?” ताईने विचारलं.

वहिनींनी वाचलं होतं. पहिल्यांदा वाटलं, चुकलं. त्या आणखी जवळ वाकल्या. थोरल्यांनी डोळे भावावरून काढून बायकोकडे वळवले आणि तेच पुन्हा म्हटलं, तक्रार केल्यासारखं, परका माणूस घरात घेतल्यावर विचारावं तसं.

‘हा कोण?’

“आई?” बाळ्या म्हणाला.

तिघं त्यांच्याकडे बघत होती. लग्न होऊन या माणसाबरोबर परक्या मुलखात आल्यापासून वहिनींनी नुसतं दुसऱ्याचं म्हणणं इकडून तिकडे पोचवलं होतं. शाळेत नवऱ्याचं, दवाखान्यात डॉक्टरांचं, मुलांना बापाचं. दिराबद्दल त्यांना काय वाटतं, हे कोणी विचारलं नव्हतं. त्यांनीही सांगितलं नव्हतं. पहिल्या भागाच्या वेळी ओळखूनही इस्त्री उचलली, ती अजून खाली ठेवली नव्हती. आणि त्या बाईला भेटायला थोरले हॉस्पिटलात गेले, तेव्हा सोबत त्या होत्या. पांढऱ्या चादरीखाली जिथे पाय संपायला हवा होता त्याच्या आधीच चादर सपाट झालेली त्यांनी बघितली होती. ती बाई थोरल्यांना म्हणाली होती, “तुमची चूक नाही हो. मीच वेडी.” घरी येईपर्यंत थोरले रस्त्यात दोनदा ओकले.

“नको म्हणाले,” वहिनी म्हणाल्या.

ताईने डोळे मिटून घेतले. बाळ्या भिंतीकडे वळला.

धाकटा हलला नाही. तो भावाच्या ओठांकडे पाहत होता, मग त्याने वर वहिनींकडे पाहिलं. लोकांच्या तोंडाकडे बघून बघून ज्याने पोट भरलं, ओठ कधी गोल होतो आणि कधी मिटतो यावर ज्याचा सगळा धंदा, त्याला ‘नको’ आणि ‘हा कोण’ यातला फरक कळला नसेल, असं वहिनींना एक क्षणभरही वाटलं नाही. त्या नजर न झुकवता उभ्या राहिल्या.

“बरं,” धाकटा म्हणाला.

मग उठला नाही. चादरीतून थोरल्यांचे पाय बाहेर आले होते, थंडगार, सुकलेले. ते त्याने मांडीवर घेतले आणि चोळत बसला. थोरल्यांनी काही हरकत घेतली नाही. परका माणूस का होईना, बरं वाटत असावं. थोड्या वेळाने त्यांना पुन्हा झोप लागली. दिवे लागायच्या आधी धाकटा गेला. जाताना चप्पल घालायला वाकला तेव्हा बाळ्याने हात धरून त्याचा तोल सावरला, तेवढंच.

थोरले त्याच आठवड्यात गेले. सकाळी वहिनी कापूस भिजवून आल्या तेव्हा गळ्यावरची जाळी हलत नव्हती.

अंत्यसंस्काराला धाकटा मागे उभा राहिला, शेवटच्या रांगेच्याही मागे. तरी लोकांनी ओळखलंच. गोदामातल्या एका माणसाने डोळे पुसत येऊन वहिनींचं सांत्वन केलं, फार सज्जन माणूस होता, कधी कोणाला उलटून बोलला नाही, म्हणाला, आणि तसाच फोन काढून धाकट्याकडे गेला. एक फोटो. धाकट्याने मान हलवून नको म्हटलं, पण माणूस शेजारी येऊन उभा राहिल्याबरोबर त्याच्या चेहऱ्यावर ते जुनं हसू आपोआप आलं. वहिनींनी पाहिलं. हसू आल्याचं त्याला स्वतःलाही कळलं, आणि ते मिटवायला त्याला हाताने तोंड पुसावं लागलं.

त्याने काम नाकारलं. चॅनेलवाल्यांनी फार गळ घातली नाही. लिफ्टवाला त्यांचा होता, त्याचं बोलणं, त्याच्या लकबी सगळं त्यांच्याच मालकीचं होतं, असं कळलं. त्यांनी दुसरा घेतला. तरुण नट, बाहेरून आलेल्यांचाच मुलगा, इथेच जन्मलेला. म्हातारपण मेकअपने. जुने भाग बघून बघून त्याने सगळं उचललं म्हणे. धाकटा हल्ली नव्याने आलेल्या लोकांना शुद्ध बोलायला शिकवतो, असं ताईने सांगितलं.

नवी मालिका सुरू झाली त्या संध्याकाळी वहिनी बाळ्याकडे होत्या. नातीने टीव्ही लावला. बाळ्याने रिमोट उचलला, पण आईने मान हलवली म्हणून तो तसाच हातात धरून बसला.

तो नवा लिफ्टवाला बोलायला लागला. वहिनींनी ऐकलं. दर वाक्याला ‘करते’, दर वाक्याला ‘येते’. त्यांना सांगावंसं वाटलं, अरे, ते असे नेहमी नाही बोलायचे, घाईत असले तरच. कुणीतरी अडचणीत असलं तरच. आणि हळू बोलायचे, समोरच्याला आपलं कळतंय ना ते बघत बघत. यात कुठेच ते नव्हते. नात मात्र खिदळत होती. “आजी, आजोबा असेच बोलायचे ना?” तिने विचारलं.

वहिनी उठल्या, आतल्या खोलीत गेल्या आणि दार लावून धाकट्याला फोन लावला.

“वहिनी,” तो म्हणाला. “बघितलंस ना?”

“बघितलं.”

“पोरगा मेहनती आहे.”

“त्याला येत नाही रे,” वहिनी म्हणाल्या. “काहीच येत नाही.”

बाहेरून हशाचा लोट आला, दारातूनही ऐकू येईल एवढा. वहिनींनी दुसऱ्या कानावर हात ठेवला. त्यांना नवऱ्याचा आवाज आठवून बघायचा होता, आणि गेले काही दिवस तो आठवत नव्हता. चेहरा आठवे, हात आठवत, मोरीपाशी उभी पाठ आठवे. आवाज आणायला गेलं की तिथे नुसते ओठ हलत.

“धाकट्या,” त्या म्हणाल्या, “एकदा म्हण ना.”

“काय?”

“त्यांच्यासारखं. काहीही म्हण. एकच वाक्य. मला ऐकायचंय.”

तो श्वास घेतो, सोडतो, पुन्हा घेतो, एवढंच ऐकू येत होतं. वहिनी कान लावून थांबल्या, बोलायच्या आधी ते असेच थांबायचे असं वाटून त्यांचा जीव कानात गोळा झाला. मग धाकट्याचा स्वतःचा आवाज आला, स्वच्छ, घासलेला, कुठल्याच मुलखाचा नसलेला.

“दादा नको म्हणाले होते ना, वहिनी.”

वहिनी तिथल्या पलंगाच्या कडेला बसल्या.

“हो,” त्या म्हणाल्या. “म्हणाले होते.”